चिंचेने घासलेला पैसा

मी हट्टी आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं पटायचं नाही.

मोहाडीच्या बाजारात, वांग्यांच्या ओळीमागे, एकजण जुनी नाणी मांडून बसला होता. आमच्या घरी भोकाचा तांब्याचा पैसा होता, आजोबांच्या लहानपणी त्यांच्या करदोट्यात ओवलेला. किंमत विचारू म्हणून नेला... अर्थात चिंच-राख लावून, लखलखीत करून. पैसा हातात घेतला आणि त्या नाणेवाल्याचा चेहराच पडला.

"घासला काय?"

"घासला ना! मळकी वस्तू कोणाले दाखवाची?"

"मळ नव्हता जी थो. ऐंशी वर्साचा रंग होता. संग्रहवाले साल पाहतेत, टाकसाळीची खूण पाहतेत, अन् रंग पाहतेत. घासला का गेला कामातून."

"मंग ठेवा तुमच्याचजवळ!"

मी तणतणत निघाले. पण त्याचे डोळे मात्र घरापर्यंत सोबत आले.

पुढच्या बाजाराला मी परत गेले. त्याच्या पुढच्यालाही. नाव भुपेंद्र, गाव कारधा. तो भिंग धरायचा, मी नाण्यावरच्या सालाखालचा टाकसाळीचा ठिपका शोधायचे.

"दिसला?"

"नाही..."

दिसलेला असायचा. पण नाही म्हटलं की तो आणखी जवळ वाकायचा. त्याच्या शर्टाला उन्हाचा आणि साबणाचा वास यायचा. मला फार आवडायचा.

दिवाळीनंतर आईने सांगितलं, रविवारी लाखांदूरचे पाहुणे मला पाहायला येणार. मी सरळ नाही म्हटलं.

"मंग कोण पायजे तुले?"

"रविवारी दिसन."

आता ज्याला दाखवायचं, त्यालाच कुठे काही माहीत होतं! बाजाराच्या दिवशी मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"रविवारी मले पाहाले येऊन रायले."

भिंग हातातच थांबलं. "...पोरगा चांगला असन."

असा राग आला! "माया पैसा कुठी हाय?"

त्याने तो शर्टाच्या खिशातून काढला. कडेला किंचित काळसर झाला होता.

"विकला नाही?"

"घासलेला कोण घेते?"

"मंग खिशात काहून?"

तो खाली पाहत राहिला. "तुमी देला म्हणून..."

"रंग येते का परत?"

"येते. पण लय वर्सं लागतेत. वीस... पंचवीस."

"मले थो येताना पाहाचा हाय. रोज. एका घरात बसून." मी एका दमात बोलून टाकलं. "लाखांदूरले मी फोन करतो, येऊ नका म्हणून. तुमी येता का नाही, येवढंच सांगा."

"येतो," तो म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे.

रविवारी आईने, तोंड फुगवूनच, घरातली सगळी तांब्याची भांडी चिंचेने घासली. भुपेंद्र वडिलांना, मधुकररावांना, घेऊन आला. त्यांचं आणि माझ्या बाबांचं धानाच्या गोष्टींत तासभर छान जमलं. मग आईनेच साखरेची वाटी आणली.

निघताना भुपेंद्रने पैसा माझ्या हातावर ठेवला आणि हळूच म्हणाला, "गुंजन... याले चिच लावू नको व."

आजवर तो मला 'तुमी'च म्हणत होता.

"नाही लावत," मी म्हणाले, आणि पैसा ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधला.