बडीशेपेचा माग

एप्रिल सरत आला होता. पण एप्रिल सरला म्हणजे हिवाळा सरला असे त्या प्रदेशात मानणारा मनुष्य नुकताच विमानातून उतरलेला असतो. मेपलच्या देशातल्या केंब्रिज गावच्या मोटार कारखान्यातली पाळी संपवून ऊर्मी गावाबाहेरच्या रस्त्याने घरी निघाली होती. पाऊस म्हणावा तर त्यात हिमकण होते, हिम म्हणावे तर ते काचेवरून ओघळत होते. अशा त्या अनिश्चित वेळी डावीकडच्या शेतातून एक उंच तरुण एकटाच धावत येताना तिला दिसला. त्याच्या कमरेला दोर होता, आणि दोराच्या टोकाला चिखलातून फरपटत येणारे कसलेसे बोचके.

ऊर्मीचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. मोटारींचे ब्रेक तपासणे हाच तिचा व्यवसाय. पाय तिकडे लवकर जाणे स्वाभाविक होते. काच खाली करून तिने इंग्रजीतून विचारले, "काही मदत हवी आहे का? तुमच्यामागे कुणी लागलंय का?"

"लागतील आता," तो धापा टाकत हसला. "आधी कुत्रे, मग घोडे."

तेवढ्यात त्याची नजर गाडीच्या आरशाला टांगलेल्या इवल्याशा कोल्हापुरी चपलांच्या जोडीवर गेली, आणि तो एकदम मराठीत म्हणाला, "ओह! तुम्ही मराठी?"

उघड्या काचेतून थंडगार वारा आत आला आणि त्याबरोबर एक सुगंधही आला. मंगलकार्यातली पंगत उठल्यावर तबकातून फिरतो, अगदी तोच.

"तुम्हाला... बडीशेपेचा वास येतोय," ती म्हणाली आणि लगेच ओशाळली. अनोळखी पुरुषाशी बोलण्याचा आरंभ काही या वाक्याने करावयाचा नसतो.

"येणारच. म्हणजे मी जेवून आलोय असं नाही." त्याने दोर ओढून बोचके वर उचलले. "ड्रॅग हंट म्हणतात याला. या फडक्याला ॲनिसीडचं तेल लावतात. बडीशेपेची विलायती बहीण समजा. मी हे ओढत पुढे पळतो. कुत्रे वासावर येतात आणि घोडेस्वार कुत्र्यांच्या मागून. शेवटी कुत्र्यांना बिस्किटं, माणसांना सूप."

"आणि शिकार कोणाची?"

"माझीच. पण मारत नाही कुणी... अजून तरी."

राजांच्या मृगयेला शास्त्रकारांनी व्यसनांत गणले आहे. परंतु जिच्यात मृगच नाही आणि जिच्या शेवटी रक्ताचा थेंब सांडत नाही, अशी मृगया पाहून त्यांच्याही भुवया किंचित सैल झाल्या असत्या. ऊर्मीच्या तर झाल्याच. दूरवर कुत्र्यांचा घोष उमटला, तसा तो तरुण "निघतो हं, नाहीतर पकडतील!" असे म्हणून कुंपणावरून पलीकडे झेपावला. नाव विचारायचे राहून गेले.

ते नाव शोभाकाकूंनी सांगितले. नंदकुमारकाका आणि शोभाकाकू हे निवृत्त दांपत्य त्या देशात आयुष्य घालवून बसले होते, आणि ऊर्मी त्यांच्याच घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होती. "अगं, तो देवेश! गाईगुरांचा डॉक्टर. ओटाव्यात वाढलेला, पण मराठी बघ कसा बोलतो. आईबापांनी घरात दुसरं काही बोलूच दिलं नाही." एवढे सांगून काकू थांबल्या नाहीत. पुढच्याच रविवारी त्यांनी देवेशला जेवायला बोलावले. वरणभात ओरपता ओरपता त्याने ऊर्मीला विचारले, "घोड्यावर बसणार?"

"मला भीती वाटते."

"घोड्यालासुद्धा वाटते. दोघं मिळून घाबरा."

वसंत पुढे सरकला तसे तिचे शनिवार तबेल्यात जाऊ लागले. क्लोव्हर नावाची एक करड्या रंगाची, वयाने पोक्त झालेली घोडी तिच्या वाट्याला आली. क्लोव्हर शांत होती. पण जमिनीवर आडवा ठेवलेला साधा ओंडका जवळ आला की ऊर्मीचे हात लगाम आवळत आणि घोडी जागच्या जागी उभी राहत असे.

"ती थांबत नाहीये," देवेश कुंपणावर कोपरे टेकून म्हणे. "तू थांबवतेस. हात सैल सोड."

"सवय आहे मला. दिवसभर तेच करते."

"ब्रेक इंजिनिअर मॅडम, या घोडीला एबीएस नाहीये! एकदा चाललीस की चाल."

ती रागाने त्याच्याकडे पाही. पण तो हसत असे, आणि त्याच्या हसण्यात उपहासाचा लवलेश नसे. मग तिलाही हसू येई. क्लोव्हरच्या आयाळीतून हात फिरवताना दोघांची बोटे कधी एकमेकांना लागत... आणि दोघेही आयाळीतली एकच गाठ सोडवत राहत.

ऑगस्टमधल्या एका सायंकाळी, शोभाकाकूंच्या अंगणातल्या डेकवर, देवेशने तिला विचारले. आडवळण नाही, अलंकार नाही. "ऊर्मी, माझ्याशी लग्न करशील?"

नागपुरात तिने एकदा असाच होकार दिला होता. आमंत्रणे वाटून झाली होती, आणि मुलाकडच्यांनी फोनवरून लग्न मोडले होते. त्या दिवसापासून 'हो' या एकाक्षरी शब्दाचे तिला भय वाटू लागले होते.

"मी... विचार करते," ती म्हणाली.

"कर. मी परत नाही विचारणार," देवेश मृदू स्वरात म्हणाला. "रागाने नाही हं. मागे लागून घेतलेला होकार मला नको आहे, एवढंच. तुझं झालं की तू सांग."

ती विचारच करीत राहिली. सप्टेंबर आला, मेपलच्या पानांनी कडेकडेने रंग धरला. देवेशला एडमंटनच्या विद्यापीठात संशोधनाचे काम मिळाले. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारची ड्रॅग हंट ही त्याची इथली शेवटची. सोमवारी त्याचे विमान होते.

"त्या दिवशी मी येते. नवशिक्यांच्या मागच्या टोळीत," ऊर्मी म्हणाली.

"नक्की?" त्याचे डोळे क्षणभर उजळले. "मी टेकडीच्या माथ्यावर असेन, जिथे माग संपतो तिथे. पोचशील?"

"पोचेन." आणि मनात तिने जोडले, पोचले तर सांगेनही.

त्या शनिवारी सकाळी ती बुटांचे बंद तिसऱ्यांदा सोडून बांधत होती. शोभाकाकू जिना उतरून बेसमेंटमध्ये आल्या. त्यांच्या हातात कागदाची एक पुडी होती.

"पोटात गोळा आला की ही चघळायची. माझ्या हातची भाजलेली आहे."

"बडीशेप? काकू, आज?"

"आजच! इथल्या बडीशेपेला मेलीला वास म्हणून नसतो. म्हणून मी बेकिंगच्या दुकानातल्या अर्काचे थेंब टाकते तिच्यात. चांगले सढळ हाताने टाकलेत."

त्या अर्काच्या बाटलीवर इंग्रजीत काय लिहिले होते, ते काकूंनी वाचले नव्हते, आणि भयाने व्याकूळ झालेल्या ऊर्मीने विचारले नाही. तिने पुडी कोटाच्या खिशात घातली. निघताना काकूंनी तिच्या गालावरून बोटे ओवाळून कडाकडा मोडली. "पडलीस तरी चालेल, पण परत आल्यावर रडत बसू नकोस."

क्लबच्या अंगणात घोड्यांच्या नाकपुड्यांतून वाफा निघत होत्या. क्लबच्या प्रमुख मिसेस फ्रेझर, ज्यांना सारे मास्टर म्हणत, त्यांना रीतीप्रमाणे अभिवादन करून ऊर्मी शेवटच्या रांगेत उभी राहिली. तिथला पहिला नियम तिने पाठ केला होता: कोणत्याही स्थितीत मास्टरच्या पुढे घोडा काढू नये. हा नियम आपल्याकडून मोडणे अशक्य आहे, याचे तिला मोठे समाधान वाटत होते. देवेश केव्हाच माग टाकत पुढे गेला होता.

शिंग वाजले. कुत्र्यांनी नाके जमिनीला लावली, आणि त्यांच्या कंठांतून एकाच वेळी जो नाद उठला त्याने ऊर्मीच्या अंगावर काटा उभा राहिला. घोडे उधळल्यासारखे निघाले. ओल्या पानांचा वास, उडणारा चिखल, खोगिराची करकर... आणि या सगळ्यांत आपण अजून खोगिरावरच आहोत याचे नवल! भय होतेच, पण त्याच्या बुडाशी आनंदाचा एक झरा फुटला आहे हे तिला जाणवले.

ओढ्यापाशी मात्र सारे थांबले. रात्रीच्या पावसाने फुगलेला ओढा अजून काठावर पसरत होता, आणि देवेशने सकाळी काठावर टाकलेला माग धुऊन गेला होता. कुत्रे गप्प झाले. इकडे हुंगत, तिकडे फिरत, ते कासावीस होऊ लागले. एवढ्यात ब्रॅम्बल नावाच्या म्हाताऱ्या कुत्रीने मान वर केली. वारा हुंगत, घोड्यांच्या पायांमधून वाट काढीत ती थेट मागच्या टोळीत आली, क्लोव्हरच्या रिकिबीवर तिने पुढचे पाय टेकले, आणि ऊर्मीकडे पाहून गगनभेदी स्वर लावला.

क्षणार्धात सारा कळप ऊर्मीभोवती गोळा झाला.

"माय डिअर," मिसेस फ्रेझर घोडा वळवून जवळ आल्या, "तुमच्या खिशात आहे तरी काय?"

ऊर्मीने पुडी काढून दिली. मिसेस फ्रेझरनी ती हुंगली आणि हसू दाबताना त्यांच्या निळ्या डोळ्यांत पाणीच आले. "हा तर आमचाच वास! हे कशासाठी?"

"आम्ही... आम्ही हे खातो. जेवण झाल्यावर."

"खाता?"

आधी एकजण हसला, मग सगळे हसले. ऊर्मीला वाटले, धरणी दुभंगेल तर बरे. सांगायचे ते राहिले बाजूला. आता माथ्यापर्यंत पोचणेही संपले. देवेश तिथे वाट पाहत असेल, कुत्रे का येत नाहीत म्हणून चकित होईल, आणि मग हा हास्यास्पद वृत्तांत कुणीतरी तिसराच त्याला ऐकवील.

हशा ओसरल्यावर मिसेस फ्रेझरनी पुडी पुढे केली, पण सोडली नाही. "हिचा वास लागल्यावर ओढ्यापलीकडचा माग आता कुत्रे धरणार नाहीत. ही पुडी घेऊन मी पुढे जाते, कुत्रे माझ्यामागे येतील. किंवा..." त्यांनी ऊर्मीच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. त्या वयस्क स्त्रीला काय दिसले ते तिचे तिला ठाऊक. "किंवा तुम्ही जा. आज नियम मी मोडते."

ऊर्मीने समोर पाहिले. ओढा पसरला होता, पण खोल नव्हता. पलीकडे गवताचे शेत, शेताच्या टोकाला कुंपणाच्या खिंडीत आडवा टाकलेला ओंडका, आणि त्यापुढे टेकडी. बाजूला फाटकही होते. पण उतरून ते उघडीपर्यंत कळप अंगावर येणार.

"मी जाते," कुणीतरी म्हणाले. तो आपलाच स्वर आहे हे तिला किंचित उशिरा कळले.

पुडी खिशात गेली. क्लोव्हर ओढ्यातून पाणी उडवीत निघाली. मागे कुत्र्यांचा घोष पुन्हा उठला, आणि या वेळी तो तिच्यासाठी होता. ओंडका जवळ आला... आणखी जवळ. ऊर्मीचे हात सवयीने आवळू लागले. हात सैल सोड. कुंपणावर कोपरे टेकलेला तो, त्याचे ते हसणे. तिने लगाम सैल सोडला आणि मुठीत आयाळ धरली. पुढच्या क्षणी टापांचा आवाजच नाहीसा झाला. मग पृथ्वी परत आली, दणकन. तिची एक रिकीब सुटली, टोपी डोळ्यांवर आली. पण ती पडली नव्हती.

माथ्यावर देवेश बिस्किटांची बादली घेऊन उभा होता. कुत्र्यांऐवजी त्याला ऊर्मी दिसली.

"ऊर्मी? मास्टरच्या पुढे? क्लबमधून हाकलतील तुला!"

"परवानगी आहे!"

क्लोव्हर इतक्या वर्षांनी रंगात आली होती. ती काही थांबेना. देवेशभोवती तिने मोठे वळण घेतले, मग आणखी एक.

"अगं, थांबव तिला!"

"नाही थांबवणार! आधी ऐक!" टोपी सावरीत, धापा टाकीत ऊर्मी ओरडली. "ऑगस्टमध्ये... तू विचारलं होतंस..."

"हो!"

"तू नको हो म्हणूस, मला म्हणायचंय!" वळण पुरे झाले, त्याचा चेहरा पुन्हा समोर आला. "हो, देवेश. तेव्हाही होच होतं. फक्त... तोंडातून निघत नव्हतं."

देवेशच्या हातातली बादली कलंडली. घोडी सांडलेल्या बिस्किटांपाशी आपणहून थांबली. त्याने हात पुढे केले, ती खाली उतरली, आणि ती चिखलात घसरू नये म्हणून त्याला तिला धरूनच ठेवावे लागले. अर्थात तिने पाय नीट रोवल्यावरही त्याने हात काढून घेतले नाहीत.

"सोमवारी मी जातोय," तो हळूच म्हणाला. "एडमंटनला फार बर्फ असतो."

"बर्फात तर ब्रेक तपासणारी माणसं लागतातच. अप्लाय करते. वसंतापर्यंत येते."

तोच कळप येऊन धडकला. एकाच्या अंगाला आणि दुसरीच्या खिशाला एकच सुगंध असल्यामुळे कुत्र्यांना कोणावर उडी घ्यावी हे कळेना; त्यांनी दोघांनाही गवतावर लोळवले. टेकडी चढून आलेल्या मिसेस फ्रेझरनी ते दृश्य पाहिले, आणि मेपलची पाने प्रथमच पाहत असल्याप्रमाणे घोडा दुसरीकडे वळवला.

देवेशने चिखलाने माखलेली पुडी उलगडली. चिमूटभर ऊर्मीच्या तळहातावर ठेवली, चिमूटभर आपल्या तोंडात टाकली. जेवण झाल्यावर, पंगत उठताना खायची असते ती बडीशेप. त्या दोघांचे अजून पानही मांडले गेले नव्हते.