खरे तीस वॅट

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर रविवारी संध्याकाळी दोन शब्द बोलायचे तरी गळा ताणावा लागतो. साउंडवाल्यांची तीन दुकानं एका ओळीत, आणि तिन्ही आपापला दणका रस्त्यावर सोडून बसलेली. गौतमी छत्री धरून कारेगावच्या गाडीची वाट बघत होती. पाऊस नुसता भुरभुरत होता. तेवढ्यात दोन दणक्यांच्या फटीतून तिला बासरी ऐकू आली... बासरीच्या आधी वाजवणाऱ्यानं घेतलेला श्वाससुद्धा.

ओळीच्या टोकाला एक अरुंद चौथं दुकान होतं. वर ‘दगडोबा साउंड’ अशी उडालेल्या रंगाची पाटी. आत एक तरुण दोन स्पीकरच्या मधोमध जमिनीवर मांडी घालून, डोळे मिटून बसला होता.

“दुकान चालू हाय का?” गौतमीनं विचारलं.

“थांबा जरा,” तो डोळे न उघडता म्हणाला. “ही तान संपू द्या.”

ती थांबली. आपण का थांबलो ते तिलाही सांगता आलं नसतं. तान संपली, त्यानं डोळे उघडले, आणि समोर मुलगी उभी आहे हे बघून तो इतक्या घाईनं उठला की काउंटरच्या कडेवर त्याचं डोकं आपटलं.

“गिऱ्हाइकाला थांबवून ठेवता व्हय?”

“म्हटलं आत्याच आली चहा घेऊन...” तो डोकं चोळत म्हणाला. “बोला, काय पायजे?”

गौतमीला हवा होता स्टिरिओ रिसीव्हर. घरी खुटबावला तिचे आप्पा, म्हणजे वडील बबनराव, एकटेच असत. दौंडला रेल्वेच्या शेडमध्ये चौतीस वर्षं इंजिनं दुरुस्त करून निवृत्त झालेले, आणि तितकीच वर्षं विहारातल्या गायनपार्टीत मुख्य गायक. पार्टीच्या कार्यक्रमांच्या साठेक कॅसेटी त्यांनी जपून ठेवल्या होत्या आणि रोज संध्याकाळी त्यातली एक ते लावत. उन्हाळ्यात लाइटचा झटका आला आणि जुना अ‍ॅम्प्लिफायर जळला. टेप चांगला होता, लाकडी स्पीकर चांगले होते, पण त्यांना वाजवणारा मधला डबाच गेला. तेव्हापासून घरात आवाज म्हणजे कुकरच्या शिट्टीचा.

“आठ हजारांच्या वर जायचं न्हाई,” तिनं शेवटी सांगितलं.

त्यानं किंमत सोडून बाकी सगळं विचारलं. खोली केवढी? स्पीकरच्या मागं काय लिहिलंय? आप्पा बसतात कुठं, खुर्चीवर का खाली? गाणी कसली?

“शेजारच्या दुकानात चार हजार वॅटचं मशीन हाय,” गौतमी म्हणाली. “लायटीबी लागतात त्याला.”

“लायटी लागतात खऱ्या. वॅट मात्र डब्यावरच छापलेलेत.” त्यानं मागच्या फळीवरून एक काळा, जड, बिनझगमगाटाचा डबा उतरवला. “ह्यो वापरलेला हाय, पुण्याहून आणलाय. एका बाजूला तीस वॅट. पण खरे तीस.”

“फक्त तीस?”

“घरात माणूस गातोय असं वाटलं पायजे ना, का वरात चाललीय असं?”

गौतमी हसली नाही, पण हसू दाबताना तिची हनुवटी हलली आणि ती त्याला दिसली. मग तिनं डबा तपासायला घेतला. प्रत्येक बटण दाबलं, प्रत्येक खटका पुढे-मागे केला. आवाजाचं बटण अगदी हळू फिरवताना डाव्या स्पीकरमध्ये बारीक खरखर झाली.

“रिजेक्ट,” ती म्हणाली.

“आं?”

“खरखर हाय. मी रांजणगावात वायरिंगच्या कंपनीत हाय, क्वालिटीला. असला पीस पुढं सोडत न्हाई मी.”

“साफ करून ठेवतो. पुढच्या रविवारी या.” तो क्षणभर घुटमळला. “रोज किती रिजेक्ट करता?”

“येतील तेवढे.”

“माणसंबी?”

“माणसं एकदम रिजेक्ट करीत न्हाई. होल्डवर ठेवते. पिवळं लेबल लावून.”

त्याचं नाव सुदर्शन. मूळचा मांडवगण फराट्याचा. पुढच्या रविवारी खरखर गेली होती, पण रेडिओची तार सैल निघाली. त्याच्या पुढच्या रविवारी तीही घट्ट झाली होती, आणि गौतमीनं मागची एक पीन बोटानं हलवून बघत म्हटलं, “ही जरा...”

“ती कंपनीतनंच तशी येते,” सुदर्शन शांतपणे म्हणाला. “पण तुम्ही म्हणत असाल तर अजून एक रविवार ठेवून घेतो. माझी काय हरकत न्हाई.”

गौतमीचे कान गरम झाले. कारेगावच्या खोलीवर परतल्यावर तिची सोबतीण भाग्यश्री म्हणालीच, “एवढ्या तपासण्या तर गं लग्नाच्या पोराच्याबी करत न्हाईत.”

“वापरलेला माल हाय. बघून घ्यावा लागतो.”

“बघतेस तर खरी,” भाग्यश्री म्हणाली. “मालाचं विचारतंय कोण?”

ऑगस्ट सरता सरता सुदर्शन डबा मोटारसायकलला बांधून स्वतःच खुटबावला आला. दोन्ही स्पीकरमध्ये त्यानं हातानं अंतर मोजलं, नव्या तारा ओढल्या, आणि बबनरावांची खुर्ची वीतभर मागं सरकवली. पहिली कॅसेट लागली. बबनराव हातातला चहा तसाच धरून बसले.

“आरं,” ते हळूच म्हणाले, “ह्यो तर मी समोरच बसलोय. पस्तिशीतला.”

त्या रात्री गौतमीनं सुदर्शनला मोबाइलवर फक्त एक ओळ पाठवली : आप्पांनी चार कॅसेटी ऐकल्या. त्याचं उत्तर आलं : वॉरंटीत रोजचा रिपोर्ट द्यावा लागतो. मग रोज रिपोर्ट जाऊ लागला. त्यात रिसीव्हरचं एक वाक्य असे आणि बाकीची दहा कशाचीही.

सप्टेंबरमध्ये पावसानं उघडीप दिली. घरी आप्पांच्या खोलीच्या उजव्या भिंतीचे पोपडे सुटले होते, म्हणून गौतमीनं दोन दिवस सुट्टी टाकून ती भिंत रंगवून घेतली. उजवा स्पीकर सोडला, बाहेर ठेवला, रंग वाळल्यावर परत जागेवर आणून जोडला. दिवा लागला, आवाज आला, आणि ती संध्याकाळच्या गाडीनं कारेगावला गेली.

पुढच्या वेळी ती घरी आली तेव्हा रिसीव्हरवर टॉवेल टाकलेला होता.

“कॅसेट लावत न्हाई व्हय?”

“कटाळा आलाय.”

कॅसेटचा कंटाळा आलेले आप्पा तिनं कधी पाहिलेच नव्हते. दुपारी विहाराशेजारच्या कस्तुराबाई भेटल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. वर्षावासाच्या सांगतेला, अश्विन पौर्णिमेला, पार्टीचं गायन होतं. बबनरावांनी निरोप धाडला होता : दुसरा गायक बघा, मला आता जमायचं नाही.

गौतमी घरी येऊन त्यांच्यासमोर बसली.

“कान गेलं, बाय,” ते म्हणाले. “आवाज येतो. पन माणूस कुठं बसलाय त्ये कळंना. उजवीकडं म्हणावं तर न्हाई, डावीकडं म्हणावं तर न्हाई... ढोलकीची थाप तर पार पोकळ. शेडात माझ्याबरुबरच्या समद्यांच्याच कानात मशीन हाय. म्हटलं, आपला लंबर लागला. सूर कळंना त्यानं पौर्णिमेला उभं ऱ्हाऊन काय करायचं? लोकं तोंडावर बोलायची न्हाईत, माघारी हसतील.”

आई गेल्यावर आप्पांना गाण्यानंच उभं ठेवलं होतं, हे गौतमीला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं मधल्या खुर्चीत बसून कॅसेट लावली. तिलाही आवाज कसातरीच वाटला, डोक्याच्या मागून आल्यासारखा. पण आवाजातलं बरंवाईट गेले दोन महिने ती सुदर्शनच्या शब्दांत ऐकत आली होती. आता तिचा स्वतःच्या कानावर विश्वास बसेना. मशीन बिघडलंय, का आप्पांचं ऐकून आपल्यालाच तसं वाटतंय?

ती अंगणात गेली आणि तिनं फोन लावला.

“तुमचा पीस खराब निघाला,” ती म्हणाली.

“काय झालं?”

“तुम्ही म्हणा ना, खराब हाय म्हणून...” तिचा आवाज फुटला. “मशीनच असू दे. आप्पांचे कान न्हाई.”

माल खराब निघावा, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

“दुकान बंद करतो,” सुदर्शन म्हणाला. “निघालोच.”

न्हावरा, भीमेचा पूल, पारगाव... दीड तासानं तो दारात उभा होता. केस वाऱ्यानं उभे, चेहऱ्यावर उसाच्या ट्रॅक्टरांनी उडवलेली धूळ. बबनरावांना नमस्कार करून तो काही न विचारता मधल्या खुर्चीत बसला आणि त्यानं डोळे मिटले. गौतमी दारात उभी राहून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. कपाळावर एक आठी आली. ती तशीच राहिली. मग अचानक गेली.

तो उठून उजव्या स्पीकरच्या मागं गेला, वाकला आणि क्षणभर तिथंच थांबला. खिशातून पेचकस काढला. दोन तारा सोडल्या, त्यांची अदलाबदल केली, पेच आवळले.

“आता बसा आप्पा.”

कॅसेट सुरू झाली. आधी ढोलकीची थाप जमिनीवर पडली, चांगली भरीव. आणि मग दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, जिथं नुसती भिंत होती, तिथं पस्तिशीतले बबनराव येऊन गायला बसले.

खुर्चीतल्या बबनरावांचा हात आपोआप मांडीवर ठेका धरू लागला. दुसऱ्या हातानं ते आधी डावा कान चाचपत होते, मग उजवा, जत्रेत हरवलेलं पोर सापडल्यावर आई त्याला चाचपते तसे. गौतमीनं चौकटीला डोकं टेकलं.

“कानाला काय झालं न्हाई, आप्पा,” सुदर्शन म्हणाला. “एक स्पीकर उलटा जोडला गेला होता. एक हवा पुढं ढकलतो, तवा दुसरा मागं ओढतो. मग मधला माणूस फुटतो, आन् थाप पोकळ होती. माझीच चूक. त्या दिवशी घाईत...”

“आसं व्हय,” बबनराव म्हणाले. एवढंच. पण त्यांचे डोळे भरले होते.

गौतमीनं स्पीकरच्या मागं वाकून बघितलं. तारेच्या दोन पदरांपैकी एकावर लाल पट्टी होती. पट्टीचा पदर आता प्लसला होता. अर्ध्या तासापूर्वी तो मायनसला होता, आणि तो तिथं कुणी लावला हे तिला लख्ख आठवलं. तिच्या कंपनीत पट्टीची तार म्हणजे अर्थिंगची, मायनसची. दिवसाला शेकडो तारा ती तशाच तपासून पुढे सोडत होती. सुदर्शनच्या धंद्यात मात्र पट्टी म्हणजे प्लस. रंग वाळल्यावर उजवा स्पीकर जोडताना तिनं विचारसुद्धा केला नव्हता. हातांनीच कंपनीचा नियम लावला होता.

सुदर्शन चूळ भरायला बाहेर गेला, तशी ती त्याच्या मागोमाग गेली.

“खोटं का बोललात?”

“कसलं?”

“तुम्ही बरोबर जोडलं होतं. मी उलटं केलं. तुम्हाला वाकल्या वाकल्या कळलं.”

तो तांब्या फिरवत राहिला. “तुमच्या आप्पांसमोर तुमचा पीस रिजेक्ट करायचा... माझ्यानं व्हईना.”

गौतमी वळली आणि सरळ आत गेली.

“आप्पा, चूक ह्यांची न्हाई. मी रंगाच्या वेळी स्पीकर उलटा जोडला. माझ्यापायी तुम्ही पंधरा दिवस...”

बबनरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग दारात ओल्या हातानं उभ्या असलेल्या सुदर्शनकडे.

“मंजी ह्यो गडी शिरूरवरनं हितवर आला, त्यो दुसऱ्याची चूक अंगावर घ्यायला?”

सुदर्शन ओले हात पँटला पुसू लागला.

“कुनाचा रं तू?”

“मांडवगणच्या दगडोबाचा नातू. भोंगेवाले.”

“भोंगेवाला दगडोबा...” बबनराव खुर्चीत सरळ झाले. “आमच्या पार्टीला दोन भोंगे सायकलवर बांधून आणायचा. रातभर वाजायचं, पन कवा शिट्टी न्हाई का खरखर न्हाई.” त्यांनी टॉवेल उचलून खांद्यावर टाकला. “गौतमी, भाकरी टाक. पोरगं उपाशी दिसतंय. आन् कस्तुराबाईला निरोप दे, पौर्णिमेला मीच गानार हाय म्हनावं.”

जेवणं झाली. ऊन उतरलं होतं आणि स्टेशनाकडून मालगाडीची लांबलचक धडधड येत होती. सुदर्शन मोटारसायकलपाशी हेल्मेट हातात घेऊन उभा होता, आणि निघायची घाई त्याला दिसत नव्हती.

“वॉरंटीत किती चकरा बसतात?” गौतमीनं विचारलं.

“लिहिलेलं न्हाई तसं.” त्यानं हेल्मेट फिरवलं. “मी... एक विचारू? दोन महिने झाले. अजून होल्डवरच हाय का मी?”

तिनं पर्स उघडली आणि आत बराच वेळ शोधाशोध केली, निदान त्याला तरी तो वेळ बराच वाटला. लाइनवर पास झालेल्या पिसांना लावायच्या हिरव्या गोल लेबलांची पट्टी तिच्या हाताला लागली. त्यातलं एक सोलून तिनं त्याच्या हेल्मेटवर, कपाळाच्या मधोमध चिकटवलं आणि अंगठ्यानं दाबून धरलं. जरुरीपेक्षा थोडा जास्तच वेळ.

“पास?” त्यानं विचारलं.

“पास. पण परत माझ्यासाठी खोटं बोलायचं न्हाई. चूक असली तर सांगायची.”

“सांगतो. एक आत्ताच सांगू?”

“काय?”

“ती तिसऱ्या रविवारची पीन... ती सैलच होती. मीच केली होती.”

गौतमीनं हसू दाबायचा प्रयत्न केला. या वेळी नुसती हनुवटी हलून भागलं नाही. आत कॅसेट पुन्हा सुरू झाली होती, आणि बबनराव आपल्याच पस्तिशीतल्या आवाजाच्या बरोबरीनं, थोड्या खालच्या सुरात, पौर्णिमेची तयारी करत होते.

“निघतोस?” ती म्हणाली.

तिनं ‘निघता’ म्हटलं नव्हतं, हे दोघांच्याही ध्यानात आलं.

“थांब जरा,” सुदर्शन मोटारसायकलला टेकत म्हणाला. “ही तान संपू दे.”