अवघडमापक

मिरजेच्या मंडईत आता म्हाताऱ्यांच्या स्कूटरचं चाक कुणाच्या पायावरून जात नाही. पूर्वी सर्रास जायचं. गुडघे गेलेल्या निम्म्या गावाकडे बसून चालवायच्या या छोट्या विजेच्या गाड्या आल्या, आणि म्हातारी माणसं काय सुटली म्हणता! फुटपाथवरून सुसाट, नाहीतर भर वाटेत गाडी आडवी लावून चावी काढायची नि तासभर गप्पा. लोक वैतागले, कायदा आला, आणि प्रत्येक स्कूटरला अवघडमापक बसला.

मंजिरीताई बर्व्यांच्या गाडीला तो बसवायला डॉ. रेवा शिरोडकर स्वतः आली होती. यंत्र तिनेच शोधलेलं.

"काकू, माणूस अवघडला की त्याचा श्वास आखडतो, खांदे ताठ होतात. त्याला स्वतःला कळायच्या आत. मापक ते दहा फुटांवरून टिपतो. कुणी अवघडलं की गाडी हळू होते, फारच अवघडलं तर मागे सरून वाट देते. तेवढ्या वेळात चावीसुद्धा चालत नाही."

"म्हणजे माझ्यापेक्षा माझ्या गाडीला जास्त रीतभात!"

"तसंच समजा," रेवा हसली.

आणि झकास चाललं की! ताई दोन दिवस कुरकुरल्या, मग खूश झाल्या. गाडी कडेकडेने जायची, शाळेची पोरं आली की थांबायची. ज्या भाजीवाल्या त्यांना बघून टोपल्या मागे ओढायच्या, त्याच आता "या आजी" म्हणायला लागल्या.

मग भाऊबीज आली. पाठचा भाऊ तुषार दरवर्षी ताईंकडे यायचा, पण यंदा त्याची बायपास झालेली. त्याला दवाखान्यात नळ्या लावलेल्या पाहिल्या तेव्हाच ताईंनी ठरवलं होतं, हा वाचू दे, भाऊबीजेला मी जाऊन ओवाळीन. लिफ्टने त्या चौथ्या मजल्यावर आल्या. मांडीवर ताट. भावाला दार उघडताच ज्योत दिसावी म्हणून निरांजन लावलं आणि बेल वाजवली.

"ये ताई, ये!" तुषारने दार उघडलं. किती वाळला होता! मागून त्याची बायको गौरी आली. "या ना ताई, कधीची वाट बघतोय."

स्कूटर उंबऱ्याशी थांबली.

"माफ करा, वाट देते," गाडीतून गोड आवाज आला आणि ती हातभर मागे सरली.

"बिघडली वाटतं," गौरी घाईने म्हणाली. तुषार पुढे आला, "अगं, ये ना!" गाडी आणखी मागे. तो हात पुढे करी तसतशी ती सरकत लिफ्टकडे निघाली. ताईंनी चावी पिळून पाहिली. काही नाही. उतरून चालावं तर गुडघ्यांत जीव नाही. त्यांनी रेवाला फोन लावला, स्पीकरवर.

"अगं, ही माझ्या भावाच्या घरात शिरेना!"

रेवाने तिकडे पडद्यावर तपासलं. "काकू, गाडी ठीक आहे."

"ठीक काय, कपाळ!"

"तिथे कुणीतरी फार अवघडलंय."

गौरी फरशीकडे बघत राहिली. तुषारचा चेहरा लाल झाला. "कोण? मी? ही माझी सख्खी बहीण आहे हो!"

"कोण आणि का, ते यंत्राला कळत नाही," रेवाचा आवाज बारीक झाला. "राग असेल, कंटाळा असेल, कीव असेल. मायाही असेल. जीव तुटला तरी श्वास तसाच आखडतो."

"मग बंद कर ना ते मेलं!"

"इथून नाही करता येत, काकू. कुणालाच येऊ नये, असं मीच सांगितलं होतं."

तुषारच्या डोळ्यांत पाणी आलं, तशी गाडी अजून मागे गेली. त्याला धाप लागली होती. ताई घाबरल्या.

"तुषार, माझ्या मागे येऊ नकोस. आत जा."

"ताई, अगं..."

"जा म्हणते ना! दार लावून घे."

दार लागलं. बंद दारापलीकडची माणसं मापकाच्या हिशेबात नसतात. गाडी शहाण्यासारखी पुढे आली, पार उंबऱ्यापर्यंत.

भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. ताईंना भाऊ होता, दाराआड दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्यांनी दाराला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि ताट ओवाळलं.

"झालं का गं ताई?" आतून आवाज आला.

"झालं हो," त्या म्हणाल्या. "औषधं वेळेवर घे."