देवमाशाची उडी

ती लिफ्टपाशी पोहोचली तेव्हा कॉम्प्युटरचा अख्खा डबा तिच्या कडेवर होता, झोपलेल्या बाळाला घ्यावं तसा, खालून हात लावून. लिफ्टचं दार सताड उघडं होतं. आत एक तरुण बटणांची पाटी काढून, तारांमध्ये बोटं घालून उभा.

"बंद आहे," तो मागे न बघताच म्हणाला. मग वळला... आणि पाना हातातच राहिला.

"किती वेळ लागेल?"

"कुठे जायचंय?"

"तिसऱ्या मजल्यावर. कॉम्प्युटरच्या दुकानात."

"मग जिन्यानेच लवकर पोहोचाल. द्या तो इकडे."

"पडला तर?"

"लिफ्टचा इंजिनिअर आहे मी. वर पोहोचवायचाच पगार मिळतो मला."

ती हसली. तरी जिनाभर डब्याखाली एक हात धरूनच चढली. जीव घाबरा, त्याला काय करणार!

चढता चढता तिने सगळं सांगून टाकलं. मुलांच्या हॉस्पिटलात कितीतरी मुलं दिवसभर उताणी पडून रिकामं छत बघत राहतात. त्या छतावर तिने समुद्र आणला होता. प्रोजेक्टर, कॅमेरा आणि एक देवमासा. जे मूल हात वर करेल त्याच्याकडे तो वळायचा, आणि मग उडी मारायचा. म्हणजे, मारायला हवी होती. पण पाण्यातून डोकं वर काढलं रे काढलं, की कॉम्प्युटर खट्कन बंद!

"एकदाही उडी नाही?"

"एकदाही नाही. आणि रविवारी मुलांना दाखवायचं कबूल केलंय मी. त्यांच्यासमोर असं झालं तर—"

दुकानातल्या काकांनी डबा उघडला, आत डोकावले. "पॉवर सप्लाय कमी पडतोय, पोरी."

"पण मी बेरीज केली होती, काका! प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, पंखे... सगळ्यांचे वॅट मिळवले आणि बरोब्बर तेवढाच घेतला."

"बेरीज बरोबरच आहे," तो म्हणाला. खाली लिफ्ट त्याची वाट बघत होती, पण त्याचा पाय निघत नव्हता. "फक्त ती पोहणाऱ्या माशाची बेरीज आहे."

"देवमासा हा मासा नसतो."

"बरं. पोहणाऱ्या देवाची."

तिने ओठ दाबून हसू आवरलं.

"आमची लिफ्ट चालताना जेवढी वीज घेते ना, त्याहून कितीतरी जास्त निघताना ओढते. तो एकच क्षण असतो—"

"म्हणजे उडी!" तिचे डोळे विस्फारले. "उडी मारताना पाण्याचे लाखो थेंब एकदम रंगवावे लागतात. कार्ड तेव्हाच हावरटासारखं वीज मागतं... आणि सप्लाय घाबरून दार लावून घेतो!"

आता थक्क व्हायची पाळी त्याची होती.

काकांनी दोन खोकी पुढे ठेवली. एकात रंगीत दिव्यांचा सप्लाय, वर वॅटचा भला मोठा आकडा. दुसऱ्यात काळा, साधा, आकडाही लहान. तिचा हात आधी दिव्यांकडेच गेला. उचलून बघते तर पिसासारखा हलका! तिने दोन्ही उलटे करून मागची अक्षरं वाचली. कार्डाचं पोट भरतं बारा व्होल्टच्या तारांवर, आणि दिवेवाल्याचा हात नेमका तिथेच आखडता. काळ्याने मात्र जवळजवळ सगळी ताकद तिथेच ठेवलेली, तिच्या बेरजेच्या वर चांगली ऐसपैस.

"हाच," ती म्हणाली. आणि उगाचच त्याच्याकडे पाहिलं. तो मान डोलावत होता... अगदी हळू.

जोडणी झाली. दुकानातच देवमाशाने उडी मारली म्हणे. काका ओरडले, तो ओरडला. तिने काही पाहिलं नाही. तिची नजर डब्यावरच्या इवल्याशा दिव्याला चिकटली होती, आत्ता विझेल, मग विझेल...

"रविवारी येऊ का मी?" त्याने विचारलं.

"का? तिथली लिफ्ट बिघडलीय?"

"नाही ना. म्हणून तर विचारावं लागतंय."

रविवारी वॉर्डातले पडदे ओढले गेले आणि छतावर निळं पाणी पसरलं. पाय प्लास्टरमध्ये टांगलेल्या एका चिमुरडीने हात वर केला. खोल पाण्यातून एक सावली तिच्याकडे वळली. कुजबुज थांबली.

ती कोपऱ्यात डब्याशेजारी उकिडवी बसलेली. पंखा घुमू लागला, तशी तिने दिव्यावर नजर रोखली. तेवढ्यात तो शेजारी येऊन बसला.

"दिव्याकडे मी बघतो. तुम्ही वर बघा."

"बंद पडला तर?"

"तर मी आहे ना इथे. बघा—"

तिने मान वर केली.

समुद्र फुटला. ते प्रचंड अंग वर आलं, येतच राहिलं, भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि अधांतरी थांबलं. त्याच्या पोटावरून पाण्याच्या सरी निथळत होत्या. एका एका थेंबात उजेड होता, आणि तो उजेड खाली मुलांच्या उघड्या तोंडांवर, सलाइनच्या नळ्यांवर, पांढऱ्या चादरींवर हलत होता. नर्ससुद्धा औषधाचा ट्रे धरून तशीच उभी. ती चिमुरडी तर हात खाली घ्यायचंच विसरली.

"केवढा आहे..." कोपऱ्यातली ती पुटपुटली. जणू तो तिने घडवलेलाच नव्हता.

"मला हे नेहमी करायला आवडेल," तो हलकेच म्हणाला. नजर अजून दिव्यावरच.

"काय?"

"तुम्ही वर बघत असताना... खाली लक्ष ठेवायला."

तिच्या डोळ्यांत समुद्र हलला. तिने त्याची बाही धरली आणि ओढली.

"ठेव. पण आत्ता नाही. आत्ता माझ्याबरोबर वर बघ."