ब्रेकवरचा पाय

मारेनला तीन रात्री झोप नव्हती आणि त्याचं कारण कुणाला सांगायची तिला लाज वाटत होती. नवरा शेजारी घोरत असताना ती मोबाईलवर गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल वाचत पडायची. वनस्पतिशास्त्रातली पदवी घेतलेली बाई, आणि पहाटे दोन वाजता कुठल्याशा अनोळखी माणसाचं म्हणणं उराशी धरून बसलेली. त्याने लिहिलं होतं, वर्षानुवर्षं न बदललेलं तेल एकदम बदलू नका, जुन्या गाळावरच गिअर कसेबसे धरून असतात, नवं तेल घातलंत की सुटतात. त्याच्या खाली दुसऱ्याने लिहिलं होतं, नाही बदललंत तर घाटात मराल. दोघांचंही तिला पटत होतं.

शनिवारी पहाटे वासरं बाजाराला न्यायची होती. पुढच्या ट्रकमध्ये नवरा, कोल्टर. मागच्या ट्रकमध्ये ती, पाठीला बावीस वासरांचा ट्रेलर, आणि बाजूच्या सीटवर पाच वर्षांची हेटी. घाटाचा उतार तेरा मैलांचा. खालच्या गिअरने ट्रक धरून ठेवला नाही, तर तेवढं वजन नुसत्या ब्रेकने थांबत नाही. आणि हा मागचा ट्रक, महिन्यापूर्वी घेतलेला जुना डिझेल, गिअर बदलताना हिसका द्यायचा. हिसका बसला की मारेनच्या पोटात गोळा यायचा. कोल्टर म्हणायचा, तुझा गोळा दुरुस्त करायला जास्त खर्च येईल.

शेवटी शुक्रवारी, चौदा नोव्हेंबरला, संध्याकाळी साडेसातला तेल बदलायला घेतलं. बाहेर वीतभर बर्फ. शेडमधली शेगडी पेटवलेली. कोल्टरचे काका, अर्विड, देखरेखीला आले होते. शहात्तर वर्षांचे, हातात कॉफीचा थर्मास. हेटी झोपण्याच्या पिशवीत गुंडाळलेली, मारेनच्या मांडीवर झोपून गेली होती.

कोल्टर ट्रकखाली सरकला. त्याने गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनचे बोल्ट एका बाजूने सैल केले, आणि पॅन कलून तेलाची धार परातीत पडू लागली. लाल यायला हवं होतं. कॉफीसारखं काळं आलं. अर्विडकाकांनी वाकून बोट बुडवलं, वास घेतला आणि बोट पँटला पुसलं. आता थेंब थांबेपर्यंत वाट बघायची होती.

"हे शेवटचं कधी बदललं असेल?" मारेनने विचारलं.

"चौदा वर्षं झाली," काका म्हणाले. "आणि वर दोन दिवस."

ट्रकखालून कोल्टर हसला. "काका, तुम्ही काय तेलाचे वाढदिवस करता?"

"मी नाही. डेल्बर्ट करायचा." काका शेगडीजवळच्या डब्यावर बसले. ज्याच्या मृत्यूनंतर हा ट्रक विकायला निघाला, तो डेल्बर्ट त्यांचा चाळीस वर्षांचा शेजारी. त्याने हे त्यांना एकदाच सांगितलं होतं, आणि सांगताना तो शुद्धीत होता, पिऊन नव्हता, एवढं काकांनी आधीच सांगून टाकलं.

डेल्बर्ट आणि त्याची बायको आयोनी हे काम नेहमी दोघं मिळून करायचे. नवं तेल भरलं की इंजिन चालू ठेवून, गरम झाल्यावर, गिअरचा दांडा एकेका जागी न्यायचा, थोडं थांबायचं, पुढे न्यायचा, म्हणजे तेल सगळीकडे भरतं. मगच तेल मोजायची पट्टी काढून बघायची. आयोनी आत बसायची, ब्रेकवर पाय दाबून. डेल्बर्ट समोर, उघड्या बॉनेटखाली. तो पुकारायचा, ती दांडा हलवायची. शेवटी ड्रायव्हरच्या डोक्यावरची उन्हाची झडप खाली करून, तिच्या आत चिकटवलेल्या कागदी पट्टीवर ती तारीख आणि मैल लिहायची. चष्मा कायम किचनमध्ये राहिलेला. मीटरचे आकडे तिला दिसायचे नाहीत, म्हणून डेल्बर्टने खिडकीतून डोकं घालून वाचायचे. तो भरभर वाचायचा आणि ती म्हणायची, हळू, मी जन्मभर शाळेत शिकवलं, टपाल नाही वाटलं.

"बरी होती हो," काका म्हणाले. "सात लिहिला की त्याच्या पोटात आडवी रेघ मारायची. पोरांचे कान उपटून तशीच मारायला लावायची."

दोन हजार अकराच्या एप्रिलमध्ये आयोनी गेली. बारा नोव्हेंबरला, शनिवारी, बर्फाचं वादळ येणार असं रेडिओने सांगितलं. डेल्बर्टच्या मेंढ्या वर डोंगरात अडकल्या होत्या. सकाळी त्या खाली आणायलाच हव्या होत्या, नाहीतर कळप गेलाच. आणि गिअरबॉक्सने त्याच दिवशी दगा द्यायला सुरुवात केली. त्याने कुणाला हाक मारली नाही. काका दोन मैलांवर राहायचे, त्यांनाही नाही. बायकोच्या जागी दुसऱ्या कुणाला बसवायचं त्याच्या जिवावर आलं असावं. त्याने ठरवलं, आपणच आत बसायचं, दांडा फिरवायचा, उतरून पट्टी बघायची.

रात्री अकरा वीसला तेल भरून झालं. धूर बाहेर जावा म्हणून मागचं दार सताड उघडं होतं. बाहेर बर्फ पडत होता. समोर भिंतीला कामाचं टेबल, आणि टेबल नि बंपर यांच्यामध्ये डेल्बर्ट. चाकांना ठोकळे लावायचे राहिले होते. हँडब्रेक त्या ट्रकचा कधीच धरत नव्हता. इंजिन गरम झालं. तो पट्टी पुसत उभा होता. दमला होता. आणि तीस वर्षांच्या सवयीने तो बोलून गेला...

"रिव्हर्स."

काका थांबले. परातीत एक थेंब पडला.

"खट," काका म्हणाले.

इंजिनाचा आवाज खाली आला. ओझं घेतल्यावर येतो तसा. डेल्बर्टला काही वाटलं नाही. सवय होती. तो म्हणाला, न्यूट्रल. खट. तो म्हणाला, ड्राइव्ह.

खट.

मग त्याला आठवलं.

ट्रक पुढच्या गिअरमध्ये होता. समोर तो. त्याच्या मागे टेबल. बाजूला सरकायला जागा नाही. ट्रक नुसता थरथरत होता... हलत नव्हता. बॉनेट उघडं. आतलं काही दिसत नाही. त्याने बाजूने मान काढली. दोन्ही अंगांनी मागच्या दाराबाहेरचा बर्फ दिसत होता.

लाल.

ब्रेकचे दिवे लागले होते. कुणीतरी पाय दाबून बसलं होतं.

तो किती वेळ उभा होता, ते त्याला सांगता आलं नाही. शेवटी त्याने ओठ ओले केले. म्हणाला, "पार्क."

खट.

बर्फ पुन्हा पांढरा झाला.

आत कुणी नव्हतं. उन्हाची झडप खाली केलेली होती. कागदी पट्टीवर नवी ओळ होती. आयोनीच्याच अक्षरात, त्या दिवसाची तारीख. पुढे 'मैल', दोन टिंबं... आणि पुढे कोरं.

"कोरं का?" मारेनने विचारलं.

काकांनी थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली, आणि प्यायली नाही. "मेंढ्या सुखरूप आल्या," ते म्हणाले. "पण त्याने पुन्हा तेल बदललं नाही."

कोल्टर ट्रकखालून काहीतरी विनोद करायला गेला, पण मध्येच थांबून त्याने फिल्टरच मागितला.

पॅन पुसून बसवला. नवं तेल भरलं, लालभडक. मारेनने हेटीला शेगडीजवळ निजवलं, चाकांना ठोकळे लावले, आणि ते नीट लागलेत का ते तीनदा पाहिलं. चौथ्यांदा वाकली तेव्हा कोल्टरने नुसतं तिच्याकडे पाहिलं. इंजिनाच्या आवाजाने हेटी जागी झाली आणि बाजूच्या सीटवर चढून बसली. मारेनने ब्रेकवर पाय दाबला. आपण शिकलेल्या आहोत, असं स्वतःला बजावून तिने झडप खाली केली. कागदी पट्टी पिवळी पडली होती. दोरीला बांधलेली पेन्सिल अजून तिथेच होती. सगळ्यात खालच्या ओळीत, 'मैल'च्या पुढे, कोरं. तिने झडप वर लावून टाकली.

कोल्टरने पुकारलं, तिने दांडा हलवला. रिव्हर्स. न्यूट्रल. ड्राइव्ह. एकदाही हिसका बसला नाही. लोण्यातून सुरी जावी तसा गिअर बसत होता. पार्क केल्यावर कोल्टरने पट्टी पाहून "बरोबर" म्हटलं. पण तिला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. तिने इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि खाली उतरली. तेल खुणेवर होतं, ना वर ना खाली. तीन रात्रींत पहिल्यांदाच तिचा श्वास खालपर्यंत गेला. तिघांची डोकी बॉनेटखाली होती. दोन मिनिटं, फार तर तीन.

हेटीला उचलायला तिने दार उघडलं. झडप खाली होती.

जुनी कोरी ओळ कोरीच होती. तिच्याखाली नवी ओळ होती. चौदा नोव्हेंबर, साल, 'मैल', दोन टिंबं, आणि आकडा, 187472. तिने मीटर पाहिला. तोच आकडा. दोन्ही सातांच्या पोटात आडवी रेघ. पेन्सिल दोरीवर अजून हलत होती.

हेटीला आकडे ओळखता येत होते, लिहिता फक्त नऊ यायचा, तोही उलटा. मारेन तिच्याजवळ वाकली आणि जमेल तेवढ्या साध्या आवाजात तिने विचारलं, हे कुणी लिहिलं.

हेटीने जांभई दिली. "तिचा चष्मा किचनमध्ये राहिलाय," ती म्हणाली. "म्हणून मी वाचून दाखवलं. हळू."