पुलाच्या चढावर सख्याची फियाट

"चहा संपवा आणि गप बसा," दत्तामामा पोरांना म्हणाला. "ऐकीव नाय सांगत. सख्या आणि मी एकाच स्टँडवर टॅक्सी लावायचो. त्याचा धाकटा भाऊ कान्हू माझ्या डोळ्यांदेखत वाढलाय."

रोह्यात वीज गेली होती. मामाने विडी पेटवली.

दोन हजार एक साल. माघ वद्य नवमी. कान्हू पेणला गेला होता, फियाटची क्लचप्लेट आणायला. रोह्यातही मिळाली असती. पण इथल्या एकाही दुकानाची पायरी चढायची नाही, असं त्याने ठरवलं होतं. जो तो एकच बोलत होता : सख्या प्यायला होता.

पंधरा दिवसांपूर्वी सख्या रात्रीचं भाडं सोडून परतत होता. कुंडलिका नदीवरच्या पुलाच्या चढावर त्याची फियाट अडली. इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलत नाही. काय झालं ते बघायला तो खाली उतरला, तोच मागून आलेल्या ट्रकने त्याला उडवलं. गाडीवर ओरखडा नाही. माणूस गेला.

तेराव्याला पुलापलीकडच्या अष्टमी गावचा काळुराम मेस्त्री जेवायला आला. तोंडात घास असतानाच म्हणाला, "प्लेट मी आठ दिवसांआधी नवी टाकलेली. सख्याच पोटात दारू असली की क्लचवर पाय ठेवून झोपायचा. प्लेट तरी काय करंल?"

सख्याची बायको हौसा वाढत होती. तिचा हात तसाच राहिला. कान्हू पानावरून उठला. चौघांनी धरला म्हणून काळुराम वाचला.

तर त्या नवमीला कान्हू पेणहून आला, तेव्हा हौसा अंगणात उभी होती.

"जेवून तरी घ्या, भावजी."

"नाय जेवत. तो बल्ब इकडं धर गो वहिनी."

अंगणात ओढून आणलेल्या फियाटवर सख्यानेच शिकवलेली परीक्षा त्याने आधी केली. हँडब्रेक ओढला, तिसरा गियर टाकला, क्लच सोडला. प्लेट धड असेल तर इंजिन आचका देऊन बंद पडतं. हे चालूच राहिलं. खुशाल. जळका वास अंगणभर पसरला.

गिअरबॉक्स विटांवर उतरवायला साडेदहा झाले. कान्हूने प्लेट बाहेर काढली आणि बल्बाखाली धरली. अस्तर उरलंच नव्हतं, रिबिटं उघडी पडली होती. खाचाखाचांत पांढरी पूड बसलेली. त्याने बोटावर घेऊन चोळली. पेणचे मूर्तीवाले साच्यात ओततात ते प्लास्टर.

"हरामखोर!" कान्हूचा आवाज फाटला. "बघ गो वहिनी. जुन्याच प्लेटवर पूड मारली. आठ-दहा दिवस धरते ती. गिऱ्हाईक खूश. मग एका चढावर सोडून देते."

"म्हणजे... प्यायले नव्हते?"

"नाय. नाय गो."

हौसा तिथेच मातीत बसली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी रडली.

कान्हू नाही रडला. त्याने नवी प्लेट मधोमध बसवली, गिअरबॉक्स चढवला, बोल्ट आवळले. पुन्हा तीच परीक्षा. हँडब्रेक, तिसरा गियर. इंजिनाने आचका दिला आणि गप्प झालं. काम चोख होतं. मग त्याने जॅकची लोखंडी दांडी उचलून शेजारच्या सीटवर टाकली.

"कुठं निघालात?"

"काळुरामाला विचारायला."

"दांडीनं विचारणार? भावजी, हे असते तर तुम्हाला गाडीची चावी दिली असती का?"

"तो नाय म्हणूनच चाललोय!"

बारा वाजून दहा मिनिटांनी फियाट पुलाच्या चढाला लागली. चंद्र उगवायचा होता. चढावरचं डांबर तेव्हा उखडलेलं, नुसती मऊ माती. पुलापलीकडे अष्टमी. काळुरामाच्या दारातला दिवा इथूनच दिसत होता. कान्हूने दात खाऊन पाय दाबला.

गाडी थांबली.

इंजिन चालू. दुसरा गियर. पहिला गियर. इंजिन किंचाळायला लागलं. गाडी जागची हलेना.

प्लेट घसरली तर वास येतो. त्याने हुंगून पाहिलं. वास नव्हता. चाकं फिरून माती उडते. तीही उडत नव्हती.

मागच्या काचेत काळोख.

"कोण हाय?"

...

"मी विचारतोय, कोण हाय मागं?"

...

गाडी मागे सरकली. हातभर. मग थांबली. मग आणखी हातभर. ब्रेकवर पाय होता, तरी.

कान्हू भ्यायला, पण रागच मोठा होता. त्याने स्टिअरिंगवर मूठ हाणली. "सोड! सोड मला, दादा! त्याने तुला मारलं... वर बेवडा म्हणाला... तुझ्या तेराव्याला जेवून... आणि मला धरतोस? मला?"



पलीकडे काळुरामाच्या दारातला दिवा विझला. माणूस झोपला असेल.

कान्हूने चावी फिरवली. इंजिन बंद झालं. मग त्याला रडू फुटलं. उजाडेपर्यंत तो तिथेच होता.

"मग, मामा? काळुराम?"

"गप. सांगतोय ना."

उजाडल्यावर गाडी एका दमात चढ चढली. त्याच प्लेटवर. कान्हू पूल ओलांडून गेला नाही. वर गाडी वळवून तो थेट स्टँडवर आला आणि ती झिजलेली प्लेट, वरची पूड तशीच ठेवून, खांबाला तारेने टांगली. सगळ्या ड्रायव्हरांनी बोटं लावून पाहिली. सख्याबद्दल वाकडं बोलायची कुणाची छाती झाली नाही. पाऊस लागायच्या आत काळुरामाने गॅरेजला कुलूप घातलं.

रात्रीचं मात्र कुणाला पटेना. तेव्हा त्याच सकाळी आम्ही तिघं कान्हूबरोबर पुलावर गेलो. चाकांच्या खुणा तशाच होत्या. त्यांच्या मधोमध, रात्री डिकी होती तिच्या मागे, मातीत दोन चर गेले होते. चार-चार बोटं खोल. अनवाणी माणूस टाचा रोवून मागे रेलला, की उमटतात तसे.

आजूबाजूला माती मऊ, कोरी. तिथवर आलेलं एक पाऊल नव्हतं... आणि तिथून गेलेलंही.