आईच्या नावाची काडी

चांदीची काडी गायब असल्याचं कळलं शनिवारी दुपारी चार वाजता, आणि पोलिसांना फोन आला संध्याकाळी साडेसातला.

"साडेतीन तास काय करत होतात?" रविवारी सकाळी सिनेगॉगच्या पायरीवरच इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

"शब्बाथ होता, आम्हा ज्यूंचा विसाव्याचा दिवस," विश्वस्त ओशाळून म्हणाले. "आकाशात तारे दिसेपर्यंत आम्ही फोनला हात लावत नाही."

बाईंनी कपाळावर हात मारला नाही, एवढंच.

काडी वीतभर लांब, टोकाला बोट रोखलेला चिमुकला हात. तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळीच्या, चर्मपत्राला बोट लावायचं नसतं, म्हणून वाचताना या काडीनं ओळ दाखवायची. इथं प्रार्थनेला येणाऱ्या दोन बहिणींपैकी धाकटीनं ती आईच्या स्मरणार्थ परदेशात घडवून घेतली होती. काडीवर आईचं नाव आणि खाली धाकटीचं. दर शनिवारी वाचनाआधी दोन्ही नावं मोठ्यानं घेतली जात.

कालही घेतली गेली. वाचन झाल्यावर काडी तोराच्या कपाटात ठेवून सगळे शेजारच्या दालनात जेवायला गेले. दुपारच्या वाचनाला कपाट उघडलं, तर काडी नाही.

"बाहेर कोणी काय नेलं?"

"शब्बाथला आमच्यातलं कोणी रस्त्यावरून काही नेत नाही. पिशवी नाही, पर्स नाही. खिसेसुद्धा रिकामे."

"म्हणूनच म्हणते, नेणारा एकच," धाकटी फणकारली. "राखणदार! त्याला आमचे नियम लागू नाहीत."

राखणदारकाका एकवीस वर्षं मागच्या खोलीत राहत होते. दुपारपर्यंत खोली रिकामी करा, असं विश्वस्तांनी त्यांना सांगून टाकलं होतं. त्यांची ट्रंक बांधून पायरीवर आली होती. धाकटीनं काल तारे दिसताच सिनेगॉगला स्वतःचं कुलूप ठोकलं होतं आणि किल्ली उशाशी घेऊन झोपली होती.

"बाई," थोरली हळूच म्हणाली, "ते आवरण मी घरी नेऊ का? शिवायचं राहिलंय."

कपाटाच्या खालच्या फळीवर तोराचं मखमली आवरण घडी करून ठेवलं होतं. आईच्या स्मरणार्थ थोरलीनं ते स्वतः भरलं होतं. पण घातलं जायचं मागच्या जुन्या तोराला, आणि तो निघायचा वर्षातून तीनचार वेळा. थोरलीचं नाव त्यावर नव्हतंच.

"काय राहिलंय?"

"अस्तराची उसवलेली शिवण. शुक्रवारी इथं बसून घालत होते, तोवर सूर्य मावळला नि शब्बाथ लागला. शब्बाथला सुई धरायची नसते."

"शुक्रवारी किती वाजता आलात?"

"चारला."

"सूर्य?"

"साडेसहाला मावळला."

बाईंनी आवरण पाहिलं नाही. त्या काकांच्या रिकाम्या खोलीत डोकावल्या, खिडकीचे गज हलवून आल्या.

"आईचं सगळं तुम्ही केलंत म्हणे?" त्यांनी थोरलीला विचारलं.

"नऊ वर्षं. अंथरुणातच होती."

"आणि धाकटी?"

"ती काडी घेऊन आली." थोरलीची नजर कपाटाकडे गेली. मग म्हणाली, "नेऊ ना आवरण? धूळ बसेल."

थोड्या वेळानं तिनं तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा बाईंनी सगळ्यांना कपाटापाशी बोलावलं.

"काकांना चोरायची असती, तर ते खुशाल काडी घेऊन रस्त्यानं चालू लागले असते; इथं तर आज कोणीतरी तीनदा आवरण न्यायला मागतंय. चोर असा होता, ज्याला शनिवारी बाहेर काही नेता येत नव्हतं. म्हणजे काडी आतच. आता ही शिवण बघा. चार बोटं उरलीय, सुई ओवून तशीच टोचलेली. ताई, अडीच तासांत तुम्हाला चार बोटं शिवता आली नाहीत? तुम्ही ती मुद्दाम उघडी ठेवलीत. शनिवारी सगळे जेवत असताना काडी अस्तरात सरकवलीत. तेव्हाच टाके घातले असते, तर मी कपाळ बडवत बसले असते. पण चोरी करायला धजावलेला हात शब्बाथला सुईला धजावला नाही. तारे दिसल्यावर शिवू म्हणालात, आणि दाराला कुलूप लागलं."

त्यांनी अस्तरात हात घातला. चांदीचं इवलं बोट बाहेर आलं.

"हो, जळते मी!" थोरली ओरडली. "नऊ वर्षं गू-मूत मी काढलं, आणि दर शनिवारी नाव हिचं! आईचं नाव होतं म्हणून मोडवेना, फेकवेना. वाटलं, निदान माझ्या शिवणीत तरी राहील."

धाकटीचा चेहरा पडला. "आई मला फोनवर तुझ्याच नावानं हाक मारायची, ताई. शेवटी तर मी कोण हेही तिला आठवेना. तुझ्याकडे आई होती. माझ्याकडे नुसते पैसे होते. माझ्या पोटात दुखलं नसेल?"



"ते तुम्ही घरी बघा," बाई म्हणाल्या. "आधी काकांना आत बोलवायला बाहेर कोण जातंय?"

थोरली गेली. काका ट्रंकेवर बसले होते.

"काका, चला आत. काडी मी लपवली होती."

"काल सगळे मला चोर म्हणत होते, तेव्हा तुम्ही तिथंच होतात ना, ताई?"

"होते."

"तुमच्या आईंनीच मला इथं ठेवून घेतलं होतं," काका म्हणाले. "वाटलं, निदान तुम्ही तरी बोलाल."

ते उठले. थोरलीनं वाकून ट्रंकेची एक कडी धरली. काकांनी दुसरी धरली नाही.